बीटलचा क्लच: दोष ओळखण्यापासून नवीन प्लेट बसवेपर्यंत

जुन्या फोक्सवॅगन बीटलचा क्लच त्रास द्यायला लागला की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: इंजिन उतरवा आणि नवीन किट टाका. या गाडीचं इंजिन चार बोल्टांवर उभं असतं आणि तासाभरात खाली येतं, त्यामुळे सल्ला लगेच पटतोही. पण बीटलमधल्या क्लचच्या कितीतरी तक्रारींचं मूळ बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, बाहेर असतं. क्लच वायर, वायरची नळी, गिअरबॉक्सचे रबरी माउंट आणि एक छोटासा कानवाला नट एवढ्यांची तपासणी होईपर्यंत इंजिनला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा लेख आधी गाडीखाली जातो आणि इंजिन नंतर उतरवतो.

इथे धरलेली गाडी म्हणजे साध्या मॅन्युअल गिअरची, १९६० आणि ७० च्या दशकातली बीटल. व्हॅक्यूमवर क्लच चालणारी ऑटोमॅटिक स्टिकशिफ्ट बीटल वेगळी, तिला यातलं बरंच लागू पडत नाही.

यंत्रणा कशी चालते

बीटलच्या क्लचमध्ये तेल नाही, मास्टर सिलिंडर नाही. पेडल दाबलं की त्याच्या हुकात अडकवलेली वायर ओढली जाते. ही वायर गाडीच्या मधल्या बोगद्यातून, आतल्या लोखंडी नळीतून मागे येते, मग एका लवचीक बाउडन नळीतून गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूच्या लिव्हरला जोडलेली असते. लिव्हर फिरला की आडवा शाफ्ट फिरतो, तो रिलीज बेअरिंग पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला इंजिनच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे जड चाकावर, दाबून धरणारा भाग) दाबतं आणि क्लच प्लेट मोकळी होते. वायरच्या शेवटच्या आट्यांवर तो कानवाला नट बसतो. सगळी अॅडजस्टमेंट तिथेच होते.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. क्लच प्लेटचं लायनिंग (घासणारा थर) झिजत जातं तसा पेडलचा फ्री प्ले, म्हणजे वजन लागण्याआधीचं मोकळं अंतर, कमी होत जातो. वायर ताणली किंवा तुटायला आली तर तो वाढतो. म्हणजे दोष कुठल्या दिशेला आहे, हे फ्री प्लेच सांगतो.

गाडी उभी असताना

बोटाने पेडल हलकेच दाबा. सुरुवातीला ते जवळजवळ विनाप्रतिकार जातं, मग वजन लागतं. हे मोकळं अंतर १० ते २० मिलिमीटर हवं. अजिबात नसेल तर बेअरिंग कायम प्रेशर प्लेटवर टेकलेलं आहे, क्लच पूर्ण पकडत नाही आणि घसरतो. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खरखरतात.

आता मागून गाडीखाली जा. पण आधी पुढची चाकं दोन्हीकडून अडवा आणि गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर ठेवा. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला गिअरबॉक्सचा लिव्हर दिसेल. वायरचं आट्यांचं टोक पकडीने धरून कानवाला नट फिरवा. नटाचे दोन कान लिव्हरच्या खाचेत नीट बसले पाहिजेत. अर्धवट बसले तर नट चालताना फिरतो आणि आठवड्याभरात अॅडजस्टमेंट बिघडते. आटे गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जोर लावून वायरला पीळ बसला की ती लवकरच तुटते.

मग बाउडन नळी बघा. ती सरळ ताठ नसावी, खाली झोळ असावा: साधारण २५ ते ४५ मिलिमीटर. या झोळामुळे वायरला थोडं घर्षण मिळतं आणि क्लच मऊ पकडतो. गाडी जागेवरून सुटताना मागचा भाग थरथरत असेल तर आधी हा झोळ मोजा. कमी असेल तर गिअरबॉक्सकडच्या कंसात नळीच्या टोकाला वायसर घालून तो वाढवता येतो. पट्टी नळीच्या दोन टोकांमध्ये सरळ धरायची आणि मधल्या सर्वांत खोल जागेचं अंतर घ्यायचं.

झोळ बरोबर असून गाडी थरथरत असेल तर गिअरबॉक्सचे रबरी माउंट तपासा. पहारीने हलकेच रेटल्यावर रबर धातूपासून सुटलेलं दिसलं की थरथरीचं कारण मिळालं. तेल पिऊन पिऊन हे रबर फुगतं आणि मऊ पडतं. नवीन क्लच टाकूनही थरथर तशीच राहते ती याच दोन कारणांनी.

वायर बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही. मागे नट सोडला की वायर सैल पडते आणि पुढच्या टोकाचा डोळा पेडलच्या हुकावरून घसरून बोगद्यात पडतो. म्हणून नवीन वायर घालताना कोणीतरी मागून ती ताणून धरायची, पेडल बसेपर्यंत सोडायची नाही. वायर आत जाताना तिला भरपूर ग्रीस लावा. मागवताना गाडी उजव्या स्टिअरिंगची असल्याचं आणि मॉडेलचं वर्ष आवर्जून सांगा, कारण वायरच्या लांब्या वेगवेगळ्या असतात.

कितीही नट आवळला तरी पेडल स्पंजासारखं लागत असेल आणि वायर नवी असेल, तर बोगद्याच्या आतल्या लोखंडी नळीचं वेल्डिंग सुटलं असण्याची शक्यता असते. मग पेडल दाबलं की वायरऐवजी नळीच हलते. त्यासाठी बोगद्याला छोटी खिडकी कापून नळी पुन्हा वेल्ड करावी लागते. पेट्रोलची लाइनही त्याच बोगद्यातून जाते, हे वेल्डरला आधी सांगा आणि टाकी रिकामी करून गाडीबाहेर काढा.

चालवून बघताना

क्लच घसरतो का, हे घाटात सर्वांत चांगलं कळतं. खंबाटकीसारख्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली, इंजिनचा आवाज चढला आणि गाडीचा वेग तसाच राहिला, तर प्लेट घसरते आहे. घाट जवळ नसेल तर सपाटीवर हँडब्रेक पूर्ण ओढा, पायाने ब्रेक दाबा, तिसरा गिअर टाका आणि हळूहळू क्लच सोडा. चांगल्या क्लचवर इंजिन लगेच बंद पडतं. चालूच राहिलं तर क्लच गेला. ही चाचणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर उरलेलं लायनिंगही जळेल.

क्लच सुटतो का, हे रिव्हर्स सांगतो. इंजिन आयडलवर, पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचा वेग जुळवून घेणारी रचना) नसतो, त्यामुळे प्लेट थोडीशीही फिरत असली तरी खरखर ऐकू येते. फ्री प्ले बरोबर असूनही खरखरलं, तर प्लेट वाकडी आहे, स्प्लाइन (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरच्या खाचा) कोरड्या आहेत, नाहीतर फ्लायव्हीलच्या मधल्या नटातलं सुई बेअरिंग जाम झालं आहे.

आवाजावरून बरंच कळतं. पेडलला पाय लागताच घरघर सुरू होते, तेव्हा रिलीज बेअरिंग संपलेलं असतं. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर शांतता, तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे आहे. क्लच किट बदलून तो जाणार नाही.

पावसाळ्याची तक्रार वेगळी. मुंबई-कोकणच्या हवेत जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवली की प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. गणपतीत गाडी काढायला जावं तर पेडल जातं, वजनही लागतं, पण गिअर पडतच नाही. यासाठी इंजिन उतरवण्याची घाई नको. इंजिन न्यूट्रलमध्ये गरम करून बंद करा, गाडी मोकळ्या मैदानात ढकलून न्या, दुसरा गिअर टाकून पेडल पूर्ण दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा. गाडी लगेच पुढे निघते, म्हणून समोर माणूस, भिंत, झाड काहीही नको. पेडल दाबलेलंच ठेवून रेस द्या-सोडा, द्या-सोडा. बहुतेक वेळा प्लेट एका झटक्यात सुटते. मागची चाकं स्टँडवर उचलून हा प्रयोग कोणी सुचवला तर ऐकू नका, गाडी स्टँडवरून उतरते. पुढच्या पावसाळ्यात पेडल आणि सीट यांच्यामध्ये लाकडी दांडका लावून क्लच दाबलेला ठेवा.

इंजिन खाली घेणं

बाहेरचं सगळं ठीक असूनही क्लच घसरतो, सुटत नाही किंवा बेअरिंग ओरडतं, तर आता इंजिन. दोन माणसं, चाकांचा जॅक, दोन भक्कम स्टँड, १०, १३ आणि १७ चे पाने आणि टॉर्क पाना एवढं पुरतं. इंजिनचं वजन शंभर किलोच्या वर आहे, तेव्हा एकट्याने हे काम नको. इंजिन ऑइल काढायची मात्र गरज नाही.

मागच्या सीटखालच्या बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडा. एअर फिल्टर काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. जनरेटर, कॉइल, ऑइल प्रेशर स्विच आणि ऑटो चोकच्या तारा सोडताना प्रत्येकीला चिकटपट्टीवर नाव लिहा. आधी मोबाइलवर फोटो काढलेत तर उत्तम. अॅक्सिलरेटरची वायर कार्ब्युरेटरपासून सोडून फॅनच्या पत्र्यामधल्या नळीतून पुढे ढकलून ठेवा. मागचा आडवा पत्रा आणि हीटरचे गोल पाइप काढा. खाली जाऊन हीटरच्या दोन वायरी सोडा. पेट्रोलचा पाइप इंजिनच्या पुढच्या पत्र्याजवळ सोडून त्यात लगेच बोल्ट ठोकून क्लॅम्प लावा. टाकी पुढे आणि उंचावर असल्याने पेट्रोल आपोआप वाहत राहतं. आसपास बल्ब, विडी, ग्राइंडर काहीही नको.

चार बोल्टांपैकी वरचे दोन गाडी जमिनीवर असतानाच सोडावेत. फॅनच्या पत्र्यामागे हात घालून नट चाचपडावे लागतात. जुन्या इंजिनांत हे नट सुटे असतात, म्हणून एकाने खालून बोल्टाचं डोकं धरायचं आणि दुसऱ्याने वरून नट फिरवायचा. उजवीकडचा वरचा बोल्ट स्टार्टरही धरून ठेवतो, त्यामुळे तो काढल्यावर स्टार्टर थोडा हलेल, घाबरू नका.

आता गाडीचा मागचा भाग उचलून मागच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारच्या आडव्या नळीच्या दोन टोकांखाली स्टँड लावा. इंजिन बाहेर ओढता यावं म्हणून मागचा बंपर जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटर वर हवा. या उंचीवर गाडी हलवून बघितल्याशिवाय खाली जायचं नाही. इंजिनखाली जाड फळी ठेवून जॅक टेकवा, इंजिनचं वजन जॅकवर येईल इतकाच वर करा आणि मग खालचे दोन नट सोडा.

पुढचा टप्पा सर्वांत नाजूक आहे. इंजिन आधी सरळ मागे ओढायचं, साधारण १० सेंटिमीटर, आणि इनपुट शाफ्ट प्लेटमधून पूर्ण बाहेर आल्यावरच खाली घ्यायचं. शाफ्ट आत असताना जॅक सोडला तर सगळं वजन त्या शाफ्टवर आणि प्लेटच्या हबवर येतं. जॅक थोडा वर, थोडा खाली करत इंजिन डावी-उजवीकडे हलवत राहिलं की ते स्वतःहून मागे सरकतं. सरकत नसेल तर कुठलीतरी तार किंवा वायर अजून अडकली आहे. बळ न वापरता ती शोधा.

आत काय बघायचं

बेल हाउसिंगमधली काळी धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा आणि तो फुप्फुसांत गेला की निघत नाही. मास्क लावा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोर, एकेक आटा असे सोडत जा. एक बाजू पूर्ण सोडून दुसरी राहिली तर कव्हर वाकतं. प्लेट हातात आली की लायनिंग आणि रिव्हेटचं डोकं यांतलं अंतर बघा. डोकी लायनिंगच्या पातळीला आली असतील तर संपली. लायनिंग तेलकट असेल तर पेट्रोलने धुऊन परत लावण्यात अर्थ नाही, ते तेल आत मुरलेलं असतं.

तेल कुठून आलं, ते आत्ताच शोधा, नाहीतर नवीन प्लेटही तशीच होईल. पातळ, काळं आणि फ्लायव्हीलच्या मागून पसरलेलं असेल तर ते इंजिन ऑइल. जाडसर, गंधकासारखा उग्र वास असलेलं आणि इनपुट शाफ्टभोवती जमलेलं असेल तर गिअर ऑइल. गिअर ऑइल असेल तर इनपुट शाफ्टचा सील बदला, तो स्वस्त आहे आणि समोरच आहे.

इंजिन ऑइल असेल तर फ्लायव्हील काढावं लागतं. मधला ३६ चा नट ३० ते ३५ किलोग्रॅम-मीटरवर आवळलेला असतो. त्याला लांब पाइप हवा आणि फ्लायव्हील अडवायला प्रेशर प्लेटच्या दोन भोकांत बोल्ट केलेली अँगल पट्टी हवी. छिन्नी-हातोडी अजिबात नको. काढण्याआधी फ्लायव्हील आणि क्रँकच्या जागेवर खूण करा. आत तीन पातळ शिम (चकत्या) असतात. क्रँकचा एंड प्ले (पुढे-मागे होणारी हालचाल) ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर ठेवायचं काम त्यांच्याकडे असतं. क्रँकच्या टोकाचा तेल अडवणारा सील न लावता दोन शिमांवर फ्लायव्हील आवळा, डायल गेजवर हालचाल मोजा आणि त्यातून ०.१० वजा करा. तेवढ्या जाडीचा तिसरा शिम लागतो. शिम तीनच हवेत, कमी-जास्त नाहीत. मग नवीन सील तिरका न होता सारखा दाबून बसवा, फ्लायव्हीलमधली ओ-रिंग (जुन्या इंजिनांत गॅस्केट) बदला आणि नट पूर्ण आवळा.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर लेथवर फेसिंग मारून घ्या. लेथवाल्याला एक गोष्ट आठवणीने सांगा: प्लेट घासते ती जागा आणि प्रेशर प्लेट बोल्ट होते ती कड, दोन्हीवरून सारखंच माप काढायचं. नुसती घासणारी जागा खोल केली तर प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो आणि नवा क्लच पहिल्याच चढाला घसरतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या भोसरीत हे काम चोख करणारे लेथ आहेत, फक्त त्यांना कामाचं कारण समजावून सांगा.

सुटे भाग निवडताना

क्लच १८० मिलिमीटरचे आणि २०० मिलिमीटरचे, असे दोन मापांत येतात. गाडीच्या कागदांवर विसंबू नका. आपल्याकडच्या बीटलमध्ये मधल्या काळात कुठलं इंजिन आलं असेल सांगता येत नाही, म्हणून जुनी प्लेट मोजा. दुसरा फरक अधिक घातक आहे. १९७१ च्या मॉडेलपासून गिअरबॉक्समध्ये रिलीज बेअरिंगसाठी मार्गदर्शक नळी आली आणि प्रेशर प्लेटच्या मधली कडी गेली. त्याआधीच्या गिअरबॉक्सला कडीवाली प्रेशर प्लेट लागते, नंतरच्याला बिनकडीची. दोन्हींची सरमिसळ केली तर बेअरिंग काही काळ चालतं आणि मग प्रेशर प्लेटची बोटं खातं.

सॅक्स किंवा लुक या कंपन्यांचं किट मिळालं तर तेच घ्यावं. बीटलचं उत्पादन मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथे ३० जुलै २००३ पर्यंत चालू होतं, त्यामुळे भाग आजही मिळतात. जुन्या प्लेटला लायनिंग मारून देणारे कारागीर आपल्याकडे चांगले आहेत, पण हबच्या स्प्रिंगा खुळखुळत नसतील तरच ते करून घ्या. माझ्या मते नवीन प्लेट गाडीत आणि लायनिंग मारलेली प्लेट कपाटात, हे बरं.

इंजिन बाहेर असताना पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. जळालेल्या बीटलमागे अनेकदा चिरलेला पाइप असतो. गिअरबॉक्सच्या कवचात स्टार्टरच्या शाफ्टचा छोटा बुश आहे, तोही आत्ताच बदला. इंजिन असताना तिथे हात पोहोचणं कठीण. आडव्या शाफ्टचे बुश आणि लिव्हरची परतीची स्प्रिंग बघून घ्या.

जोडणी

नवीन रिलीज बेअरिंगच्या क्लिपा पूर्ण बसल्या की नाही, बोटाने चाचपून पाहा. नटातल्या सुई बेअरिंगला चिमूटभर ग्रीस आणि इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनना मॉलिब्डेनम ग्रीसचा पुसट हात द्या. जास्त ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जातं.

क्लच प्लेटची उंच बाजू, म्हणजे स्प्रिंगांची बाजू, गिअरबॉक्सकडे. उलटी लावली तर क्लच सुटणार नाही आणि सगळं काम परत करावं लागेल. प्लेट मध्यावर आणायला जुन्या इनपुट शाफ्टचा तुकडा सर्वांत चांगला. तो नसेल तर लेथवर लाकडाची मापाची खुंटी करून घ्या. खुंटी आत असतानाच सहा बोल्ट समोरासमोर थोडे-थोडे करत २५ न्यूटन-मीटरवर आणा. मग खुंटी ओढा. ती सहज निघाली तर प्लेट मध्यावर आहे.

इंजिन वर नेताना गिअर टाकून ठेवा. इंजिन गिअरबॉक्सच्या पातळीत, दोन्हींमधली फट चारी बाजूंनी सारखी. एकाने इंजिन पुढे रेटत राहावं, दुसऱ्याने मागच्या पुलीचा नट पान्याने हळूहळू फिरवावा. स्प्लाइन जुळल्या की इंजिन हातासरशी पुढे सरकतं. शेवटची फट बोल्ट आवळून मिटवायचा मोह टाळा. बेल हाउसिंगचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे, ते तडकतं. इंजिन हाताने पूर्ण टेकल्यावरच चारही नट ३० न्यूटन-मीटरवर आवळा. अॅक्सिलरेटरची वायर पत्र्याच्या नळीतून मागे घेण्याचं काम इंजिन चढत असतानाच करायचं, नंतर हात जात नाही.

पत्रे आणि इंजिनभोवतीची रबराची पट्टी पूर्ण बसवा. हे इंजिन हवेवर थंड होतं. पट्टीला फट राहिली तर खालची तापलेली हवा पुन्हा फॅनमध्ये येते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्याची किंमत व्हॉल्व्ह आणि हेड मोजतात.

फ्री प्ले आता नव्याने लावा, १० ते २० मिलिमीटर. बाउडन नळीचा झोळ परत मोजा, कारण माउंट बदलले असतील तर तोही बदलतो. पेट्रोलचा पाइप जोडून इंजिन चालू करा आणि मागे उभं राहून गळती नाही ना, हे डोळ्यांनी बघा.

पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर चढावर हाफ क्लचवर गाडी धरू नका, ओव्हरलोड नेऊ नका. लायनिंग बसत असताना फ्री प्ले थोडा कमी होतो. साधारण ५०० किलोमीटरनंतर एकदा गाडीखाली जाऊन कानवाला नट परत लावा आणि बेल हाउसिंगच्या तळावर बोट फिरवून तेलाचा ओलावा आहे का ते बघा.